ऑपेराचा टेनर, आवाजाचा मास्तर आणि आमचा अमळनेरचा पोऱ्या

बोरीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या भाच्याचा आहे. वय २०, अमळनेरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. गांधर्व महाविद्यालयाची गाण्याची मध्यमा परीक्षा झालेली, आवाज उंच आणि मोकळा. गॅदरिंगला मध्येच माइक बंद पडला तरी याचं गाणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं होतं.

दिवाळीनंतर तो मुंबईला एका कार्यशाळेला गेला, सोबत मी. शिकवणारे गृहस्थ युरोपातले टेनर. वर्षातले काही महिने ऑपेरात, म्हणजे गाऊनच सादर होणाऱ्या पाश्चात्त्य संगीतनाटकात गातात, बाकीचे महिने आवाज शिकवतात. मी मागे बसून सगळं ऐकलं. त्यांनी स्वतः जेमतेम एक ओळ गायली. उरलेला सगळा वेळ पोरांचा श्वास, जबडा, जीभ, मान बघण्यात घालवला. भाच्याला पियानोवर एकेक सूर वर चढवत नेलं आणि म्हणाले, "तू टेनर आहेस. पण दोन वर्षं मोठं गाणं गायचं नाही, आधी आवाज घडव."

तेव्हापासून पोरगं दुसरं काही बोलत नाही. ताई काळजीत. दाजींचं म्हणणं, आधी बी.एड. कर, मग काय गायचं ते गा.

मला विचारायचंय ते असं. ऑपेरातल्या टेनरची कारकीर्द नेमकी कशी असते? गाऊन पोट भरतं की शेवटी शिकवूनच भरतं? यात शास्त्रीय गाण्याचा आवाज बिघडतो का? आणि खानदेशात राहून सुरुवात तरी कुठून करायची? माझ्या मते पोराने जावं, पण माहिती घेऊन जावं. म्हणून हा धागा.

---

कापूसकोंड्या

आमच्या पारोळ्याला वरातीत डीजेच्याही वर ज्याचा आवाज जातो तो नवरदेवाचा मामा असतो. तोच टेनर का? वाचतोय, चांगला धागा आहे.

---

अहिराणी_माय

पोऱ्याले मन्हा आशीर्वाद सांग, भाऊ.

---

मेहरूणची_बोरं

मामाचं राहू द्या, पण टेनर म्हणजे काय हे मलाही नीट माहीत नाही. कुणीतरी हार्मोनियमच्या भाषेत सांगा.

---

लळिंग

मूळ धुळ्याचा, सध्या जर्मनीत. बायको इथल्या एका ऑपेराच्या कोरसमध्ये, म्हणजे समूहगायनात गाते, त्यामुळे घरात रोज हेच चालतं. सविस्तर लिहितो.

पुरुषांच्या आवाजातला उंच प्रकार म्हणजे टेनर. त्याखाली बॅरिटोन आणि सगळ्यांत खाली बास. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर पुरुष गायकाची पांढरी एक पट्टी धरा. तिथल्या मध्य षड्जापासून अतितार षड्जापर्यंत दोन सप्तकं टेनरला भरीव आवाजात लागतात. वरचे सूर पातळ, चोरट्या आवाजात घेतलेले चालत नाहीत. आपल्याकडे गवई स्वतःची पट्टी ठरवतो आणि तंबोरा तिला जुळवतो. ऑपेरात संगीतकाराने जो सूर लिहिला तोच गायचा, कारण खाली साठ-सत्तर वादक तोच वाजवत असतात. आज घसा बसलाय म्हणून अर्धी पट्टी खाली घेऊ, असं कुणी म्हणत नाही.

शिवाय माइक नसतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे ३८०० खुर्च्या आहेत आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत शब्द पोचला पाहिजे. हे कसं जमतं याचं मोजमाप योहान सुंडबर्ग या स्वीडिश संशोधकाने १९७०च्या दशकात मांडलं. ऑर्केस्ट्राचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतो आणि त्यापुढे उतरत जातो. घडलेल्या पुरुषी आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक जादा तेज तयार होतं. ऑर्केस्ट्रा जिथे विरळ असतो नेमक्या तिथे गायकाचा आवाज वर निघतो. त्यासाठी ओरडावं लागत नाही, ओरडलं तर ते तेजच जातं. तुमच्या त्या मास्तरांनी जबडा आणि जीभ बघण्यात वेळ का घालवला याचं उत्तर यातच आहे. गळ्याची आणि तोंडाची पोकळी कशी ठेवायची हेच तर शिकायचं असतं.

आता कारकीर्द. विशीत आवाज घडवणं, पियानो, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर सूर लिहायची पाश्चात्त्य पद्धत) आणि इटालियन, जर्मन, फ्रेंच या भाषा. मग संगीत महाविद्यालय, स्पर्धा, ऑडिशनवर ऑडिशन. मोठ्या ऑपेरांचे तरुण गायकांसाठी स्वतःचे प्रशिक्षण विभाग असतात, तिथे जागा मोजक्या. जर्मनीत सरकारी मदतीवर चालणारी सुमारे ८० ऑपेरागृहं आहेत आणि त्यातली बरीच गायकांना पगारावर ठेवतात. तिथे एका हंगामात एकाच माणसाला मोझार्ट, वर्दी, एखादी ऑपेरेटा म्हणजे हलकाफुलका ऑपेरा आणि मुलांचं नाटक असं सगळं गावं लागतं. पगार बेताचा, पण दरमहा येतो. करार एकेका हंगामाचा. त्याच थिएटरमध्ये १५ वर्षांहून जास्त झाली की गायकाला काढणं अवघड होतं, त्यामुळे काही जणांचा करार त्याआधीच संपवला जातो. हे सगळं पोराच्या घरच्यांना आधी माहीत असू द्या.

शिकवण्याबद्दल उद्या लिहितो, तो वेगळा मोठा विषय आहे.

---

सातपुडा_पायथा

लळिंगभाऊ, माहिती चांगली, पण घाबरवणारी आहे. मी रावेर तालुक्यातला शेतकरी. केळी लावली की वर्ष-सव्वा वर्षात घड हातात येतो, तरी भाव पडला की घर हलतं. इथे तर दहा वर्षं नुसती लागवडच आहे! तीन भाषा, पियानो, परदेशातलं शिक्षण. हा पैसा कुठून आणायचा? बोरीकाठ, दाजींना वेड्यात काढू नका. बापाला हिशेब करावाच लागतो. बी.एड. म्हणाले त्यात चुकीचं काही नाही.

---

बोरीकाठ

दादा, दाजींना मी वेड्यात काढत नाही. त्यांनीच आजवर पोराला गाण्याच्या क्लासला सायकलवर सोडलंय. हिशेब करायचाच आहे. म्हणून तर विचारतोय.

---

स्वरवेडी

मी जळगावला गाणं शिकवते. मध्यमा झालेला मुलगा असा बाजूला वळतोय याचं मला दुःख होतंय आणि ते मी लपवणार नाही.

आवाज बिघडतो का, याचं माझं उत्तर असं. बिघडत नाही, पण वळण बदलतं, आणि एकदा बदललेलं वळण परत आणणं सोपं नसतं. आपल्या गाण्यात सूर लागला की तो स्थिर हवा. त्यांच्याकडे सुराला कायम कंप असतो, सेकंदाला साधारण पाच-सहा वेळा. आपल्याकडे एका सुरातून दुसऱ्यात मींडेने जाताना मधली सगळी वाट दिसली पाहिजे. त्यांच्याकडे सूर वेगळे, नेमके, लिहिलेले. आपला विलंबित ख्याल मायक्रोफोनसमोर बारीक आवाजातही फुलतो, त्यांना हॉल भरायचा असतो. वीस वर्षांचा मुलगा सकाळी भैरवचा रियाज करील आणि संध्याकाळी इटालियन आरिया म्हणजे ऑपेरातलं एकट्याचं गाणं गाईल, तर गळा गोंधळून जाईल. पहिली दोन वर्षं एकच काहीतरी करावं, असं मी स्पष्ट सांगते. आणि माझं ऐकाल तर आधी विशारद ही मध्यमेपुढची परीक्षा पूर्ण करू द्या.

मात्र पाश्चात्त्यांकडून आवाजाचं शास्त्र शिकायला माझा विरोध नाही. प्रोफेसर बी. आर. देवधर हे पलुस्करांचे शिष्य, कुमार गंधर्वांचे गुरू. त्यांनी मुंबईत स्क्रिन्झी नावाच्या इटालियन शिक्षकांकडे पाश्चात्त्य संगीताचं रीतसर शिक्षण घेतलं आणि आवाज कसा जोपासावा यावर आयुष्यभर काम केलं. १९२५ साली त्यांनी काढलेली संगीतशाळा मुंबईत ऑपेरा हाऊसच्याच भागात होती. आपल्याकडे गळा रियाजाने आपोआप तयार होतो असं धरून चालतात आणि त्यात कित्येक मुलांचे गळे वाया जातात. ते देवधर मास्तरांना पटत नव्हतं, मलाही पटत नाही.

---

भुसावळ_जंक्शन

स्वरवेडीताई, देवधरांचा उल्लेख केलात, फार बरं वाटलं. थोडं अवांतर करतो.

ऑपेरा हाऊस हे नाव मुंबईत सगळ्यांच्या तोंडी आहे, पण ती खरीखुरी इमारत आहे. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं. पुढे सिनेमा लागायला लागले, १९९३ मध्ये बंद पडलं आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं. उघडताना गायल्या त्या पॅट्रिशिया रोझारिओ. जन्म मुंबईचा, कारकीर्द इंग्लंडमध्ये, आवाज सोप्रानो म्हणजे बायकांमधला उंच. त्या भारतात येऊन तरुण गायकांना शिकवतातही. म्हणजे इथला माणूस तिकडे जाऊन, गाऊन, परत शिकवायला येतो याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे.

दुसरी गोष्ट. फ्रेड गाइसबर्ग नावाच्या रेकॉर्डिंगवाल्याने एप्रिल १९०२ मध्ये मिलानच्या एका हॉटेलच्या खोलीत कारुसोची दहा गाणी १०० पौंडांत ध्वनिमुद्रित केली. कारुसो म्हणजे टेनर लोकांचा आराध्य. त्याच गाइसबर्गने त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहर जान या गायिकेची गाणी ध्वनिमुद्रित केली. एकाच वर्षात एकाच माणसाने दोन्हीकडचे गळे तबकडीवर घेतले. मला ही जोडी फार आवडते.

---

कापूसकोंड्या

भुसावळकर, स्टेशनवर गाडी बदलावी तसा धागा बदलता तुम्ही. पण चालू द्या, ही गाडी आवडली.

---

पांझरा

मी धुळ्यात कान-नाक-घसा बघतो. स्वरवेडीताईंशी निम्मा सहमत आहे.

आवाज बिघडतो तो शैलीमुळे नाही, चुकीच्या जोरामुळे. माझ्याकडे भजनी मंडळातले येतात, शिक्षक येतात, बाजारात लिलाव पुकारणारे येतात. स्वरतंतूंवर गाठी सगळ्यांना सारख्याच होतात. गाणाऱ्याने घसा खाकरणं बंद करावं, पाणी प्यावं, सर्दी-खोकल्यात रियाज थांबवावा आणि रात्री अकराला ठेचा-भाकरी खाऊन लगेच आडवं होऊ नये. पोटातलं आम्ल वर येऊन स्वरयंत्र सुजतं. आमच्या खानदेशी जेवणाला हे सांगताना मलाही जड जातं.

आता ऑपेरा आणि माझा धंदा कुठे जुळतो ते सांगतो. घशात आरसा घालून स्वरतंतू बघायची रीत ज्याच्यामुळे रूढ झाली तो डॉक्टर नव्हता, गाण्याचा मास्तर होता. मॅन्युएल गार्सिया. १८५४ मध्ये त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा आणि दुसऱ्या आरशाने वळवलेलं ऊन वापरून गाताना हलणारे स्वतःचेच स्वरतंतू पाहिले आणि १८५५ मध्ये त्यावर लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध सादर केला. हा माणूस १८०५ ते १९०६ असा शंभरीपार जगला. त्याच्याकडे जेनी लिंड ही स्वीडिश गायिका फाटलेला आवाज घेऊन आली, तेव्हा त्याने तिला आधी काही आठवडे अजिबात गाऊ नकोस म्हणून सांगितलं, मग शिकवायला घेतलं. पुढे ती युरोपभर गाजली. तुमच्या टेनर मास्तरांनी 'दोन वर्षं मोठं गाणं नको' म्हटलं ना? त्या एका वाक्यावरून मला ते बरे शिक्षक वाटतात. २० व्या वर्षी पुरुषाचं स्वरयंत्र पुरतं पक्कं झालेलं नसतं.

बोरीकाठ, पोराला एकदा घेऊन या. दुर्बीण घालून आजचा घसा कसा आहे ते नोंदवून ठेवू. पुढे तुलनेला उपयोगी पडेल.

---

लळिंग

डॉक्टरांनी गार्सियाचं नाव घेतलं, तिथूनच सुरू करतो. बोरीकाठ यांचा खरा प्रश्न माझ्या मते शिकवण्याचाच आहे. 'गाऊन पोट भरतं की शेवटी शिकवूनच' यातला 'शेवटी शिकवूनच' मला खटकला.

या मॅन्युएलचा बापही मॅन्युएल गार्सियाच. तो टेनर. रॉसिनीच्या 'सेव्हिलचा न्हावी' या ऑपेरात १८१६ मध्ये पहिला काउंट अल्माविवा त्यानेच गायला. १८२५ मध्ये कुटुंबाला घेऊन तो न्यूयॉर्कला इटालियन ऑपेरा करायला गेला. आणि आयुष्यभर शिकवत राहिला, स्वतःच्या पोरांना तर फार कडकपणे. मुलगी मारिया मालिब्रान आणि मुलगी पॉलिन व्हियार्डो या दोघी त्या शतकातल्या मोठ्या गायिका. मुलगा गाण्यापेक्षा शिकवण्यात मोठा झाला, तो डॉक्टरांनी सांगितलाच.

दुसरा, जिल्बेर द्युप्रे. त्याच्याआधी टेनर वरचा सी म्हणजे तो अतितार षड्ज हलक्या आवाजात घेत. द्युप्रेने तो छातीच्या भरीव आवाजात घेतला, १८३१ मध्ये इटलीत लुका इथे आणि १८३७ मध्ये पॅरिसला. प्रेक्षक वेडे झाले. रॉसिनीला मात्र तो सूर गळा चिरलेल्या कोंबड्यासारखा वाटला. त्या दिवसापासून टेनरचं गाणं बदललं, ते आजपर्यंत. पण त्या जोराने द्युप्रेचा आवाज लवकर उतरला. १८४२ पासून तो पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत म्हणजे संगीत महाविद्यालयात शिकवायला लागला, पुढे स्वतःची शाळा काढली आणि एम्मा अल्बानीसारख्या गायिका तयार केल्या. जोर किती महाग पडतो हे ज्याला स्वतःच्या गळ्यात कळलं तो पोरांना काय सांगत असेल, विचार करा.

आणि इटलीचा प्रसिद्ध टेनर पावारोत्ती. बाप बेकरीवाला आणि हौशी टेनर. मोदेनासारखं छोटं शहर, घरात पैसा नाही. आर्रिगो पोला नावाच्या गावातल्याच एका व्यावसायिक टेनरने त्याला फुकट शिकवलं. तो जपानला गेला तेव्हा पोरगं एत्तोरे कॅम्पोगॅल्यानीकडे गेलं. मधल्या काळात पावारोत्तीने प्राथमिक शाळेत शिकवलं, विमा विकला. १९६१ मध्ये रेज्जो एमिलियाला 'ला बोएम'मध्ये पहिली भूमिका मिळाली आणि १९७२ मध्ये मेट्रोपॉलिटनमध्ये एकाच आरियात नऊ वेळा तो वरचा सी गाऊन त्याने न्यूयॉर्क जिंकलं. सातपुडादादा, प्राथमिक शाळेत शिकवलं हे दाजींना जरूर सांगा.

पोलाने त्या पोरात काय पाहिलं असेल ते असो, पण त्याच्याशिवाय पुढचं काही घडलं नसतं. टेनर म्हणून पोलाचं नाव आज किती जणांना माहीत आहे? शिक्षक म्हणून त्याने केलेलं काम सगळ्या जगाने ऐकलं.

---

मेहरूणची_बोरं

एक शंका. टेनरला टेनरनेच शिकवलं पाहिजे का?

---

लळिंग

तसं काही नाही. कॅम्पोगॅल्यानी टेनर नव्हता, पियानो आणि संगीतरचना हा त्याचा प्रांत. मिरेल्ला फ्रेनीसारखी सोप्रानोही त्याचीच शिष्या. पण तार गांधार-मध्यमाच्या आसपास टेनरचा आवाज एका ठेवणीतून दुसऱ्या ठेवणीत जातो आणि तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं. तो अडथळा स्वतः ओलांडलेला शिक्षक असेल तर सुरुवातीला फार मदत होते. इटालियन टेनर कार्लो बेर्गोंझीचं बघा. तीन वर्षं बॅरिटोन म्हणून गायला, मग लक्षात आलं की आपण टेनर आहोत. जुन्या टेनर लोकांच्या तबकड्या ऐकत स्वतःच आवाज नव्याने बांधला आणि १९५१ मध्ये टेनर म्हणून पुन्हा रंगमंचावर उभा राहिला. उतारवयात वर्दीच्या बुसेतो गावात शिकवत असे.

---

स्वरवेडी

हे मात्र अगदी आपल्याकडच्यासारखं आहे. भास्करबुवा बखले लहानपणी किर्लोस्कर मंडळीत गायक नट होते. कंठ फुटला आणि ते काम गेलं. मग त्यांनी उस्तादांच्या दारात वर्षानुवर्षं तालीम घेतली, मोठे गवई झाले, १९११ साली पुण्यात भारत गायन समाज काढला. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव त्यांचे शिष्य. जळगावकर म्हणून एक भर घालते. बालगंधर्वांनी लहानपणी गाण्याचे पहिले धडे जळगावात मेहबूबखाँसाहेबांकडे घेतले. खाँसाहेबांचं नाव आज आमच्या जळगावातही फार थोड्यांना माहीत आहे.

लळिंगदादा, शिकवणं दुय्यम नाही यावर आपलं एकमत आहे. विशारदचा आग्रह मी सोडलेला नाही.

---

गिरणाकाठची

इतका वेळ नुसती वाचत होते, आता लिहितेच. मी चाळीसगावची. पुण्यात पाश्चात्त्य पद्धतीचं गाणं शिकवते, त्याआधी मुंबईत शिकले. कमाईबद्दल कुणी नीट बोललं नाही, म्हणून.

भारतात फक्त ऑपेरा गाऊन जगता येत नाही. पूर्ण ऑपेरा इथे क्वचितच होतो. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, तिथे आणि रॉयल ऑपेरा हाऊसला कार्यक्रम होतात, कोरसमध्ये जागा निघतात. पण त्यावर घर चालत नाही. शिकवण्यावर चालतं, आणि चांगलं चालतं. आंतरराष्ट्रीय शाळांना संगीत शिक्षक हवे असतात. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या इंग्लंडमधल्या संस्थांच्या गायनाच्या परीक्षांना मुलं बसतात, त्यांची तयारी करून घ्यायची असते. नाटकवाले येतात, डबिंगवाले येतात, आवाज बसलेले शिक्षक येतात. माझ्याकडे कीर्तन करणारे एक महाराज येतात. दीड तास कीर्तन करूनही घसा कसा टिकवायचा हे शिकायला. ऑपेराच्या श्वासाने कीर्तन टिकलं, याहून मोठं समाधान मला कुठल्या स्टेजवर मिळालेलं नाही.

त्यामुळे दाजींचं बी.एड. आणि पोराचं गाणं यात भांडण आहे असं मला वाटत नाही. शिकवण्याचं शिक्षण कुठेच वाया जात नाही. वर्ग कसा सांभाळायचा, एकच गोष्ट चार जणांना चार तऱ्हेने कशी सांगायची, हे मला गायनाच्या कुठल्याच मास्तरांनी शिकवलं नव्हतं.

फक्त एक सावधगिरी. ऑनलाइन शिकवणीवर सगळं सोपवू नका. फोन आणि लॅपटॉप आवाज दाबून पाठवतात. लळिंगदादांनी ते ३००० हर्ट्झचं तेज सांगितलं, शिक्षकाला नेमकं तेच नीट ऐकू येत नाही. दर आठवड्याला ऑनलाइन चालेल, पण महिन्यातून एकदा तरी समोर उभं राहून गायलं पाहिजे, शिक्षकाला बरगड्यांचं हलणं दिसलं पाहिजे. आणि कुणी सहा महिन्यांत वरचा सी काढून देतो म्हणालं तर तिथून उठून यायचं. माझ्या एका मैत्रिणीचा आवाज अशाच घाईत गेला.

---

सातपुडा_पायथा

ताई, हे पटलं. असा हिशेब कुणी मांडला की निर्णय घेता येतो.

तरी एक मनातलं बोलतो. ऑपेरा आपला नाही ना. आपल्या पोराने आपल्या खानदेशच्या कानबाई देवीची गाणी, वही गायनासारखं लोकगायन टिकवायचं सोडून इटालियनमध्ये प्रेमगीतं गायची, हे मनाला लागतं. त्या लोकांनी तरी आपल्याला कधी नीट दाखवलं का?

---

भुसावळ_जंक्शन

दादा, बऱ्याच अंशी खरं आहे. 'लाक्मे' नावाचा १८८३ चा फ्रेंच ऑपेरा भारतात घडतो. त्यात पुजाऱ्याची मुलगी इंग्रज अधिकाऱ्यावर भाळते आणि शेवटी विष खाते. तो इंग्रज टेनर! पण पुढचं ऐका. फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकाराचा 'सत्याग्रह' हा ऑपेरा १९८० मध्ये रॉटरडॅमला झाला. विषय गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं. सगळे शब्द संस्कृत, भगवद्गीतेतले. आणि गांधींची भूमिका टेनरची आहे. तिकडचे टेनर गीतेचे श्लोक पाठ करून गातात.

आता धुळेकरांनो, छाती फुगवा. विनोबांनी १९३२ साली गीतेवर प्रवचनं दिली ती धुळ्याच्या तुरुंगात, आणि उतरवून घेतली साने गुरुजींनी, जे अमळनेरला शिक्षक होते. गीता गाणारा टेनर अमळनेरचा असावा, असं मला फार फार वाटतं. उच्चार तरी शिकवावे लागणार नाहीत.

---

लळिंग

आणि 'आपलं' कशाला म्हणायचं, दादा? दक्षिण कोरियाची पोरं आज जर्मनीतल्या कितीतरी ऑपेरांत मुख्य भूमिका गातात. दक्षिण आफ्रिकेची गायिका प्रेटी येंडे एका छोट्या गावातली. टीव्हीवरच्या विमान कंपनीच्या जाहिरातीत तिने पहिल्यांदा ऑपेरा ऐकला. ते गाणं भुसावळकरांच्या त्या 'लाक्मे'तलंच होतं. पुढे ती मेट्रोपॉलिटनमध्ये गायली.

---

अहिराणी_माय

कानबाईची गाणी आम्ही बाया सांभाळू, सातपुडा भाऊ. कानबाईच्या सणाचे रोट खायला मात्र पोराने श्रावणात घरी यावं.

---

कापूसकोंड्या

डॉक्टरांनी रात्रीचा ठेचा बंद केला, आता रोट तरी राहू द्या. टेनर उपाशी गात नाही, पावारोत्तीचे फोटो बघा.

---

नवापूरकर

उशिरा आलो. सुरुवात कुठून करायची याला कुणी नीट उत्तर दिलं नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडे चर्चमध्ये चार आवाजांचा कोरस आहे. आदिवासी पोरं-पोरी, शेती करणारे, शिक्षक, दोन एसटीचे कंडक्टर. सोप्रानो आणि आल्टो (बायकांचे उंच आणि खालचे आवाज), टेनर, बास अशा चार ओळी. भाच्याने आजवर एकट्याने गायलं असणार. शेजारचा माणूस वेगळा सूर गात असताना आपला सूर धरून राहणं ही वेगळीच शिस्त आहे आणि ती कोरसमध्येच येते. नोटेशन वाचायलाही तिथेच शिकता येईल. त्यासाठी लगेच मुंबई गाठायची गरज नाही. महागडा पियानोही नको, सुरुवातीला साधा कीबोर्ड पुरे.

---

बोरीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ताई, दाजी, भाचा आणि मी असे बसून हा अख्खा धागा मोठ्याने वाचला. गिरणाकाठच्या ताईंचा प्रतिसाद दाजींनी दोनदा वाचायला लावला.

ठरलं ते असं. बी.एस्सी. पूर्ण करायची, त्यानंतर बी.एड. त्या टेनर मास्तरांशी बोलणं झालं, ते आठवड्याला एक ऑनलाइन धडा देणार. महिन्यातून एकदा समोरासमोर शिकवण्यासाठी त्यांनी मुंबईतल्या त्यांच्या एका शिष्येचं नाव सुचवलं. दोन वर्षांनी ते स्वतः आवाज पुन्हा तपासतील आणि परदेशी ऑडिशनचा विषय तेव्हाच काढायचा. पोराने त्यांना विचारलं, तुम्ही गाणं कमी करून शिकवता का? ते म्हणाले, सकाळी दुसऱ्याचा श्वास दुरुस्त केला की संध्याकाळी माझा दुरुस्त होतो, म्हणून दोन्ही करतो.

स्वरवेडीताई, विशारदचं अजून ठरलेलं नाही. पोरगं म्हणतं दोन वर्षं थांबवू, सोडणार नाही.

---

स्वरवेडी

'थांबवू' म्हणणारे पुष्कळ पाहिलेत मी. तरी जळगावला आणा त्याला. तंबोरा लावून एकदा ऐकते. भांडेन त्याच्याशी, पण अडवणार नाही.

---

पांझरा

धुळ्याला आधी आणा. सकाळी, उपाशी पोटी नको आणि भरल्या पोटीही नको.

---

भुसावळ_जंक्शन

अमळनेर सुरत मार्गावर आहे, त्यामुळे मुंबईला सुरतवरूनही जाता येतं आणि जळगावला येऊनही. शनिवारी रात्री निघून रविवारी धडा घेऊन परत यायचं तर आरक्षण आधीच करा. सुट्ट्यांत जागा मिळत नाही.

---

नवापूरकर

जाता जाता नवापूरलाही उतरा, स्टेशन त्याच मार्गावर आहे. नाताळच्या कोरसला आमच्याकडे बास पुष्कळ, टेनर तीनच, त्यातल्या एकाची बदली झाली. सराव ऑक्टोबरपासून दर रविवारी दुपारी. राहायची सोय माझ्या घरी.

---

बोरीकाठ

पाठवतो. मुंबईचा धडा नसेल त्या रविवारी येईल. पत्ता आणि नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.